कमरेचा भार पट्ट्यावर : बिनमोटरचा सांगाडा आणि आपल्या कारागिरांचे हुनर

गोदामात क्रेन आली, बंदरावर कंटेनर आले, तरी ओझे उचलण्याचे बरेचसे काम आजही माणसाच्या कमरेवरच चालते. गोणी उचलणारा हमाल, मासळीची पाटी उचलणारी कोळीण, छतावर दोन्ही हात वर धरून रंग मारणारा मिस्त्री यांची मिळकत त्यांच्या पाठीवर आणि खांद्यांवर उभी असते. चाळिशी ओलांडली की पाठ बोलू लागते, आणि पाठ बसली की घराची चूल मंदावते. या दुखण्यावर उतारा म्हणून जगभरच्या कारखान्यांत एक नवे साधन वापरात आले आहे. त्याला इंग्रजीत एक्झोस्केलेटन म्हणतात. आपण त्याला अंगावर घालायचा सांगाडा म्हणू. हे साधन ज्या वस्तूंचे बनते त्या पट्टा, बक्कल, स्प्रिंग, नळी आणि बिजागरी या आपल्या बाजारातल्याच आहेत. म्हणून व्यापारी आणि कारागीर बांधवांनी त्याची रचना समजून घ्यावी असे आम्हाला वाटते.

या साधनाच्या दोन जाती आहेत. एकात मोटर, बॅटरी आणि संगणक असतो. अर्धांगाच्या रुग्णाला उभे करणारी यंत्रे या जातीची. ती महाग असतात आणि त्यांचा धंदा मोठ्या कंपन्यांचा आहे. दुसऱ्या जातीत मोटरच नसते. माणूस वाकतो तेव्हा स्प्रिंग किंवा लवचिक पट्टा ताणला जातो, आणि उठताना तीच साठवलेली ताकद त्याला परत मिळते. आम्ही येथे या दुसऱ्या, हलक्या जातीविषयीच लिहीत आहोत.

मनोरीचे काम नजरेसमोर ठेवू

मार्वेच्या धक्क्यावरून होडीने खाडी ओलांडली की मनोरी लागते. मुंबई उपनगरातले हे जुने मासेमारीचे गाव आहे. येथे दोन प्रकारचे काम डोळ्यांत भरते. पहिले वाकण्याचे : होडीतून माल उतरवणे, वाळूवर पसरलेली मासळी निवडणे, पाटी भरून उचलणे. दुसरे हात वर धरण्याचे : पावसाळा संपला की ओले बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने बांबूच्या मांडवावर सुकत टांगतात. वारा लागावा आणि कुत्र्या-मांजरांपासून माल वाचावा म्हणून मांडव उंच बांधावा लागतो. वरच्या दोरीपर्यंत पोचायला हात खांद्याच्या वर न्यावा लागतो, आणि तो दिवसभरात शेकडो वेळा न्यावा लागतो.

पाठीला आधार देणारा आणि हाताला आधार देणारा असे बिनमोटरचे दोन सांगाडे परदेशी कारखान्यांत वापरले जातात. ते नेमके याच दोन हालचालींसाठी आहेत. म्हणून मनोरीचे काम ही आपल्यासाठी चांगली कसोटी ठरेल.

कमरेच्या तराजूचा हिशेब

व्यापाऱ्याला तराजू समजावून सांगावा लागत नाही. वाकलेल्या माणसाची कमर म्हणजे एक तराजूच आहे, पण त्याच्या दोन्ही भुजा सारख्या नाहीत. पुढच्या भुजेवर धड, डोके, हात आणि ओझे असते. मागच्या भुजेवर पाठीचे स्नायू ओढतात, आणि मणक्याच्या मध्यापासून त्यांचे अंतर जेमतेम ५ सेंटीमीटर असते.

समजा मजुराचे वजन ६० किलो आहे. वाकल्यावर कमरेच्या वरचे सुमारे ३५ किलो वजन मणक्याच्या टेकूपासून २५ सेंटीमीटर पुढे येते. ३५ गुणिले २५ म्हणजे ८७५. त्याच्या हातात २० किलोची पाटी आहे आणि ती ४० सेंटीमीटर पुढे आहे. २० गुणिले ४० म्हणजे ८००. दोन्ही मिळून १६७५. मागच्या भुजेची लांबी ५ सेंटीमीटर, म्हणून तोल सांभाळायला स्नायूंना ३३५ किलोच्या जोराने ओढावे लागते. एवढाच दाब मणक्यांमधल्या चकत्यांवर येतो. अमेरिकेतल्या निऑश या कामगार आरोग्य संस्थेने मणक्यावरच्या दाबाची धोक्याची पातळी ३४०० न्यूटन, म्हणजे अंदाजे ३५० किलो धरली आहे. फक्त २० किलोची पाटी चुकीच्या पद्धतीने उचलली तरी माणूस त्या पातळीच्या काठावर जातो. पाटी शरीराजवळ घेतली की हा आकडा झपाट्याने उतरतो. हा उपाय फुकटचा आहे, आणि तो आधी करायचा.

पट्ट्याची जात आणि चौकटीची जात

पाठीच्या सांगाड्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात खांद्यावर बंडीसारखा भाग असतो, मांड्यांवर रुंद पट्टे असतात आणि पाठीवरून जाणारा लवचिक पट्टा दोघांना जोडतो. हा पट्टा मणक्याच्या मध्यापासून समजा १० सेंटीमीटर मागे आहे आणि वाकल्यावर ३० किलोने ओढतो. ३० गुणिले १० म्हणजे ३००. तेवढेच काम करायला स्नायूंना ६० किलोचा जोर लावावा लागला असता, कारण त्यांची भुजा निम्मी आहे. स्नायूंचे ६० किलो वाचले, पट्ट्याने ३० किलो घातले, आणि मणक्यावरचा निव्वळ दाब ३० किलोने कमी झाला. सारी कमाई पट्टा मणक्यापासून किती दूर आहे यावर ठरते. पट्टा पाठीला चिकटून शिवला तर ती जाते. या तत्त्वावर अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात काम झाले, आणि त्यातून हिरोवेअर नावाच्या कंपनीचे कापडी साधन निघाले.

दुसऱ्या प्रकारात दोन्ही बाजूंना नळ्यांची चौकट आणि कमरेजवळ स्प्रिंगची बिजागरी असते. चौकट छातीवर आणि मांड्यांवर टेकते. वाकल्यावर स्प्रिंग छातीला मागे ढकलते. त्याच ३०० च्या कामासाठी, छातीची गादी कमरेपासून ३५ सेंटीमीटर वर असेल तर, छातीवर साडेआठ किलोचा रेटा पुरतो. येथे पट्ट्याची ओढ मणक्यावर येत नाही, म्हणून पूर्ण ६० किलोचा फायदा मिळतो. पण चौकट वजनाला जास्त असते, होडीच्या काठाला अडकते आणि अंगावर गरम होते. नेदरलँड्सचे लाएव्हो हे साधन या जातीचे आहे.

हिशेब नीट पाहिला तर एक गोष्ट लक्षात येईल. ३३५ पैकी ६० किलोची बचत म्हणजे पाचव्या हिश्श्याहूनही कमी. हे साधन माणसाला पैलवान करीत नाही, प्रत्येक वाकण्यातला थोडा भार फक्त उचलून घेते. दिवसात ५०० वेळा वाकणाऱ्याला मात्र ही थोडी थोडी बचत संध्याकाळी जाणवते.

वर धरलेल्या हाताला टेकू

एका हाताचे वजन शरीराच्या सुमारे विसाव्या हिश्श्याएवढे, म्हणजे ६० किलोच्या माणसात ३ किलो असते. आडवा धरलेला हात खांद्यापासून सरासरी ३० सेंटीमीटरवर तोलला जातो, म्हणजे ९० चा भार. त्यात अर्धा किलो ओले बोंबील ६० सेंटीमीटरवर धरले की आणखी ३०. एकूण १२०, आणि त्यातला तीन चतुर्थांश भार नुसत्या रिकाम्या हाताचा आहे. मांडवावर बोंबील टांगणाऱ्या बाईचा खांदा मासळीपेक्षा स्वतःच्या हातानेच जास्त दमतो.

हाताच्या सांगाड्यात दंडाखाली एक गादी असते आणि तिच्यापासून कमरपट्ट्यापर्यंत एक दांडी जाते. स्प्रिंग दंडाला वर उचलते आणि भार खांद्याला न लागता कमरेच्या हाडावर उतरतो. जर्मनीच्या ऑटोबॉक या कृत्रिम पायांच्या जुन्या कंपनीने २०१८ साली आणलेले असे साधन अवघे १.९ किलोचे आहे. फोर्ड कंपनीने त्याच वर्षी आपल्या मोटार कारखान्यांत अशाच प्रकारची दुसरी बंडी कामगारांना दिली.

यात दोन खुब्या आहेत. पहिली, स्प्रिंगने सगळा भार उचलायचा नसतो. ९० पेक्षा जास्त जोर दिला तर रिकामा हात आपोआप वर तरंगेल आणि खाली आणायला मेहनत पडेल. म्हणून ५० ते ६० एवढाच टेकू पुरे. दुसरी, हात खाली असताना टेकू शून्य झाला पाहिजे. त्यासाठी स्प्रिंगची ओढ अशी बसवतात की हात खाली आला की ती बिजागरीच्या बरोबर मध्यातून जाते. मध्यातून गेलेली ओढ फिरवत नाही. हात वर जाऊ लागला की ओढ मध्यापासून सरकते आणि टेकू वाढत जातो. ज्याने दरवाजाचा किंवा पेटीचा खटका बसवला आहे त्याला हे कागदाशिवाय कळेल.

हलके म्हणजे बारीक नव्हे

वजन कमी करायचे म्हणून सळई बारीक करणे ही नवशिक्याची वाट. १२ मिलिमीटरची भरीव सळई आणि २५ मिलिमीटर व्यासाची, दीड मिलिमीटर जाडीची पोकळ नळी घ्या. एकाच धातूची असतील तर दोघांचे वजन जवळजवळ सारखे भरते. पण वाकण्याला नळी साडेसातपट जास्त दाद देत नाही. सायकलचा सांगाडा नळीचा असतो तो याच कारणाने. त्यातून लोखंडाऐवजी ॲल्युमिनियम घेतले तर तेवढ्याच आकाराचे वजन तिसऱ्या हिश्श्यावर येते. मात्र ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा तिप्पट लवचिक आहे, म्हणून नळीचा व्यास थोडा वाढवावा लागतो.

वजन कोठे ठेवले यालाही महत्त्व आहे. कमरेवरचा एक किलो माणूस विसरून जातो, पण पायाशी बांधलेला एक किलो प्रत्येक पावलाला पुढे फेकावा लागतो. २०१५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी घोट्यासाठी बिनमोटरचा सांगाडा केला. त्यात एक स्प्रिंग आणि तिला अडकवणारा-सोडणारा यांत्रिक खटका एवढेच होते. एका पायाचे वजन सुमारे अर्धा किलो. त्याने चालण्याची मेहनत सुमारे ७ टक्क्यांनी कमी झाली. स्प्रिंग नरम घेतली तर फायदा घटला, आणि कडक घेतली तरी घटला. मधली स्प्रिंगच योग्य ठरली. 'जास्त कडक म्हणजे जास्त चांगले' हा समज सोडावा लागतो.

याच्या उलट उदाहरणही आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने हार्डिमन नावाचा सांगाडा करायला घेतला. तेवढेच वजन उचलण्यासाठी आखलेले ते यंत्र स्वतःच ६८० किलोचे होते, आणि शेवटपर्यंत त्याचा एकच हात नीट चालवता आला.

सांध्याशी सांधा जुळला पाहिजे

आपल्याकडे हे काम अगदी नवे आहे असे नाही. पोलिओ झालेल्या मुलांच्या पायाला लावायचे कॅलिपर हाही बाहेरून घातलेला सांगाडाच होता. लोखंडी पट्ट्या, चामड्याचे बंद आणि गुडघ्याला कुलूप अशी त्याची रचना असे. मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून असलेल्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत कृत्रिम अवयव आणि आधारसाधने बनवण्याची कार्यशाळा आहे. जानेवारी २०११ नंतर देशात पोलिओचा नैसर्गिक रुग्ण आढळला नाही, आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. आजार गेला, पण सांध्याला सांधा जुळवण्याची ती विद्या जाऊ द्यायची नाही.

कॅलिपर करणाऱ्याला ठाऊक असे की बिजागरी गुडघ्याच्या आसाशी जुळली नाही तर बंद कातडीवर घासतो, आणि आठवड्यात जखम होते. खांद्याचे काम त्याहून नाजूक आहे, कारण हात वर गेला की खांद्याचा सांधा स्वतःही वर सरकतो. जागेवर घट्ट बसवलेली बिजागरी तेथे चालत नाही, तिला सरकायला वाव द्यावा लागतो. गादीही रुंद हवी. साडेआठ किलोचा रेटा दोन बोटांच्या पट्टीवर आला तर काचतो, आणि तळहाताएवढ्या दोन गाद्यांवर पसरला तर जाणवत नाही.

डॉक्टर आणि कारागीर एकत्र बसले की काय होते याचा दाखला म्हणजे जयपूर फूट. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि मास्टरजी म्हणून ओळखले जाणारे कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबर आणि लाकडाचा पाय तयार केला. तो घालून माणूस अनवाणी चालू शके, मांडी घालू शके, शेतात उतरू शके. शर्मा शाळा फारशी शिकलेले नव्हते. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परदेशी पाय आपल्या राहणीला बसत नाही, हे ओळखूनच ते काम सुरू झाले होते.

मनोरीच्या हवेत काय टिकेल?

परदेशी सांगाडा बंद कारखान्यासाठी बनतो. खाडीकाठी त्याची परीक्षा वेगळी होते. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमच्या नळीत लोखंडी स्क्रू बसवला की दोन धातूंच्या संगतीने ॲल्युमिनियम खाल्ले जाते. तेथे चांगल्या प्रतीचे स्टेनलेस आणि मध्ये नायलॉनचा वॉशर हवा. साधी स्प्रिंग गंजून तुटते. रबर उन्हात चिरते आणि ताण धरून ठेवला की सैल पडते, म्हणून रबरी पट्टा बदलता येईल असाच बसवावा. कापडाला मासळीचा वास धरतो, तेव्हा सारे कापड सोडवून धुता आले पाहिजे.

पेहरावाचाही विचार हवा. पाचवारी साडीवर मांडीचे पट्टे बांधता येत नाहीत. अशा बाईला कमरपट्ट्यावर टेकणारे हाताचे साधन सोयीचे पडेल.

आणि एक ताकीद. हे साधन चालत्या होडीवर घालू नये. जाळ्याच्या दोरीत पट्टा अडकला किंवा माणूस पाण्यात पडला तर हाच आधार जिवावर बेतेल. किनाऱ्यावरही एका हाताने, एका झटक्यात सुटेल असेच बक्कल लावावे.

करू पाहणाऱ्या कारागिरांसाठी

धारावी-कुर्ल्याकडचे बॅग शिवणारे कारागीर नायलॉनचा पट्टा, फोमची गादी आणि ताण घेणारी टीप रोज हाताळतात. स्प्रिंग, बेअरिंग आणि नळ्या नागदेवी स्ट्रीटवर मिळतात. कमतरता आहे ती मोजमापाची. आम्ही पुढील क्रम सुचवितो.

पहिले, एकच काम निवडा. सर्व कामांना चालणारा सांगाडा कोणत्याच कामाला नीट चालत नाही.

दुसरे, पट्टा किंवा स्प्रिंग हुकाच्या काट्याला लावून प्रत्येक ५ सेंटीमीटर ताणाला किती किलो ओढ येते ते लिहून ठेवा. अंदाजावर जाऊ नका.

तिसरे, चालताना आणि बसताना साधन सैल झाले पाहिजे. त्यासाठी जोडा-सोडायचा खटका ठेवा. नुसते चालतानाही ओढत राहणारे साधन मजूर दुसऱ्या दिवशी खुंटीला टांगतो.

चौथे, टिकाऊपणा पाहा. दिवसाला ५०० वाकणी आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर दीड लाख वेळा स्प्रिंग ताणली जाते. शंभर वेळा ताणून पाहिलेला नमुना बाजारात आणू नये.

पाचवे, लहान-मोठ्या बांध्याच्या स्त्री-पुरुषांवर पाहा, आणि पहिल्या दिवशी तासाभरापेक्षा जास्त घालायला देऊ नका. कातडी लाल होते का, श्वास अडतो का, पोटावर दाब येतो का ते विचारा. फिजिओथेरपिस्टला सोबत घेतल्याशिवाय चाचणी करू नका.

विकणाऱ्याची आणि मालकाची जबाबदारी

अशा साधनांनी पाठीच्या स्नायूंची मेहनत कमी होते हे प्रयोगांत अनेकदा दिसले आहे. वर्षानुवर्षे वापरल्यावर दुखापती किती टळतात याचा पुरावा मात्र अजून तोकडा आहे. म्हणून 'पाठदुखी कायमची बरी' अशी पाटी लावून ते विकणे हा खोटा सौदा होईल. शिवाय आजार बरा करण्याचा दावा केला की २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू होऊ शकतात. 'वाकण्याच्या कामात पाठीला थोडा आधार' एवढे खरे सांगून जे विकले जाईल तेच विकावे. ज्याची पाठ आधीच दुखते त्याला आधी डॉक्टरकडे पाठवावे.

मालकवर्गालाही आमचे सांगणे आहे. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला, तो ओझे वाहणाऱ्याच्या मेहनतीला संरक्षण असावे म्हणून. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने हाताने वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो धरली. सांगाडा दिला म्हणून ही मर्यादा वाढत नाही. पट्टा बांधून दिला आणि गोणी जड केली, तर पट्ट्याने वाचवलेले सगळे गोणीने परत घेतले. ढकलगाडी, कमरेच्या उंचीचे टेबल, लहान पाटी, मांडवापाशी उभे राहायला फळी, हे आधी करावे. जेथे हे जमत नाही तेथेच सांगाड्याची पाळी येते.

तयार परदेशी साधनांच्या किमती रोजंदारीवर जगणाऱ्याच्या आवाक्यातल्या नाहीत. आवाक्यातले, धुता येणारे, दुरुस्त करता येणारे साधन येथेच बनू शकते, कारण पट्टा, बक्कल, स्प्रिंग यातले काहीही आपल्याला परके नाही. दहा-पाच कारागिरांनी मिळून एक नमुना करावा, मनोरीसारख्या ठिकाणी काम करणाऱ्यांच्या अंगावर तो महिनाभर पाहावा, आणि त्यांनी स्वतःहून पुन्हा मागितला तरच दुसरा बनवावा.